त्रिकोण नसलेली टाच

बूटमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. त्यात त्यांचा दोष नव्हता, दुकानाचा होता. बाजारामागच्या गल्लीत तीन पायऱ्या खाली उतरून त्यांचं दुकान, आणि दुकानाला एकच खिडकी, तीही बरोबर रस्त्याच्या पातळीवर. त्या खिडकीतून तीस वर्षं मास्तरांना गावाचे फक्त पाय दिसत आले होते. रस्त्यात कुणी हाक मारली की त्यांची नजर आधी खाली जायची, बूट बघायची, आणि मग ओळख पटल्यासारखी वर यायची. कुणाची टाच आतून झिजते, कोण चवड्यावर चालतो, कोण घरून भांडून निघालंय, हे सगळं त्यांना सोलवरून कळायचं. निदान कळतं असं त्यांचं ठाम मत होतं.

मास्तर हे टोपणनाव. त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली टिकेल असा माणूस जन्माला यायचा होता. पण नाव पडलं ते पडलं, आणि त्यामुळे त्यांची बायकोही आपोआप मास्तरीणबाई झाली.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक बुटाच्या टाचेत ते तीन बारीक पितळी खिळे ठोकायचे, त्रिकोणात. ही त्यांची सही. पाऊस पडून गेल्यावर गल्लीच्या चिखलात जिकडे तिकडे तो त्रिकोण उमटलेला असायचा आणि मास्तर ते बघून मनातल्या मनात सुखावायचे. ज्या टाचेत त्रिकोण नाही तो माणूस त्यांच्या लेखी परका, नाहीतर कोपऱ्यावरच्या नव्या यंत्रवाल्या दुकानात बूट नेणारा, म्हणजे परक्याहूनही वाईट.

विश्वास त्यांचा तसा कुणावरच नव्हता. दोरेवाला रीळ कमी भरतो, चौकातलं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलंय, हवामानखात्याला आतून काहीतरी माहीत असतं आणि ते सांगत नाहीत, अशी त्यांची मतं होती. बायकोवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नव्हता, कारण तिच्याबद्दल त्यांनी फारसा विचारच केला नव्हता. ती दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत होती, मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून जरा जास्तच गप्प होती, आणि नाकासमोर चालणारी होती. बस.

मास्तरांची एक चैन होती. रविवारी सकाळी सातला नऊ जणांची टोळी नदीकाठाने निघायची, पलीकडच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन दुपारपर्यंत परत यायची. टोळीत औषधवाला होता, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, एक निवृत्त चित्रकलेचे शिक्षक होते आणि बाकीचे असेच पायांना खाज असलेले लोक. मास्तर सगळ्यात पुढे. खिशात आरी आणि मेण लावलेला दोरा कायम, म्हणजे वाटेत कुणाचा बूट फाटला तर त्याला चारचौघांत शिवून द्यायचा आणि वर्षभर ऐकवायचं.

बाकीचे लोक बांधाच्या रुंद रस्त्याने जाऊन पुलावरून नदी ओलांडत. मास्तर मात्र बांधाखालच्या, अगदी पाण्यालगतच्या वाटेने लव्हाळ्यातून शिरायचे आणि उथळ पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे जायचे. पंधरा मिनिटं वाचायची. पलीकडच्या खडकावर बसून ते येणाऱ्या टोळीकडे असं बघायचे, की जणू काही यांची वाट बघण्यात आपलं तारुण्य गेलं. ही खालची वाट त्यांनी कुणालाच दाखवली नव्हती. फक्त बायकोला एकदा जेवताना सांगितली होती.

बायको एकदा टोळीबरोबर आली होती. बावीस वर्षं झाली त्याला. माथ्याच्या अलीकडे एक कातळ आडवा येतो, छातीएवढा उंच, त्यात पाय ठेवायला दोनच खोबणी, आणि खाली उतारावर घळ. तिथे तिचे पाय लटपटले. मास्तर वर पोचले होते. त्यांनी वरूनच, सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं. बस खाली, येताना घेतो." लोक हसले. ती दोन तास कातळाखाली बसून राहिली. येताना त्यांनी तिला खरंच घेतलं, एखादी विसरलेली छत्री घ्यावी तसं. त्यानंतर ती टेकडीबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि मास्तरांना वाटलं, विषय संपला.

आता गोष्ट गुरुवारची. दोन महिन्यांपासून बायको दर गुरुवारी सकाळी आपल्या थोरल्या बहिणीकडे जायला लागली होती. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पूर्ण रस्ता फरशीचा. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण एका गुरुवारी संध्याकाळी मास्तरांनी मागच्या दाराशी ठेवलेले तिचे बूट सवयीने उचलले, उलटे केले, आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सोलच्या खाचांत काठावरची काळी बारीक वाळू होती. वाळूवर पिवळी माती बसलेली होती, आणि ती पिवळी माती पंचक्रोशीत एकाच जागी होती, टेकडीच्या वरच्या अंगाला. लेसमध्ये लव्हाळ्याचा कापूसही अडकला होता.

स्वयंपाकघरात ती भांडी पुसत होती. मास्तरांनी विचारलं, ताई कशी आहे. ती म्हणाली, बरी आहे, गुडघा दुखतो म्हणते. चेहरा शांत, गालांवर जरा रंग. मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. संशयी माणसाचं हेच असतं. तो सरळ प्रश्न कधी विचारत नाही, न जाणो सरळ उत्तर मिळालं तर संशयाचं काय करायचं?

रविवारी ते खालच्या वाटेने लव्हाळ्यात शिरले आणि ओल्या गाळावर त्यांना तो दिसला. छोट्या बुटाचा ठसा, टाचेत तीन खिळ्यांचा त्रिकोण. बायकोचा. वरच्या बंधाऱ्यातून दर सोमवारी पाणी सोडतात, नदी वीतभर चढते आणि पाटी पुसल्यासारखा हा काठ कोरा करून जाते, हे मास्तरांना पाठ होतं. म्हणजे ठसा सोमवारनंतरचा. गुरुवारचा. आणि तो एकटा नव्हता. त्याच्याशेजारी, कुठे कुठे तर त्याच्या पोटातच, दुसरा ठसा होता. पुरुषाचा. टाचेत त्रिकोण नव्हता.

मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. पुरावा पुसला जाऊ नये म्हणून ते गवताच्या कडेवर उकिडवे बसले आणि पुरुषाचा ठसा वाचायला लागले. नऊ नंबरचा बूट. डाव्या सोलची बाहेरची कड साफ गेलेली, म्हणजे हा माणूस डावा पाय ओढतो. सगळा भार चवड्यावर, टाच टेकल्या न टेकल्यासारखी, म्हणजे कायम घाईत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, इतक्या लांबवर कुठेही त्याचे दोन पाय शेजारी शेजारी ठेवलेले नव्हते. म्हणजे हा कुठे थांबलाच नव्हता. त्याच्या ठशाच्या कडा सुकून भेगाळल्या होत्या, तिच्या अजून गुळगुळीत होत्या. हा पुढे चालतो, ही मागून येते. काही ठिकाणी तिने त्याच्या पावलापर्यंत पोचायला ढांग ताणली होती, तरी त्या गृहस्थाने चाल कमी केली नव्हती.

हट्टी, घाईचा, बरोबरच्या बाईसाठी न थांबणारा आणि स्वतःचे बूटसुद्धा धड न ठेवणारा माणूस. मास्तरांना आधी राग आला आणि मग, खरं सांगायचं तर, राग बाजूला सारून नवल वाटलं. असल्या माणसात हिने बघितलं तरी काय?

ते उठले आणि तरातरा पुढे गेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

त्या आठवड्यात त्यांचं कामात लक्ष लागेना. गुरुवारी दुपारी बाराला त्यांनी ताईच्या घरी फोन लावला, आवाजात साखर घालून. बायकोला जरा द्या म्हणाले. ताई क्षणभर अडखळली आणि म्हणाली, ती अंघोळीला गेलीय. मास्तरांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या बुटांच्या लाकडी फर्म्यांकडे बघत बसले. भर दुपारी बारा वाजता कोण बहिणीकडे जाऊन अंघोळ करतं? म्हणजे ताईही सामील. ताकास तूर लागू देत नाहीत दोघी. पुढच्या रविवारी गाळावर पुन्हा तेच दोन ठसे, तीच ओढलेली डावी कड.

मंगळवारी मास्तरांनी दुकानावर पाटी लावली, की टोळीतल्या सर्वांच्या बुटांची तपासणी मोफत. लोक चकित झाले. मास्तर आणि मोफत? पण आले. एकेक बूट मास्तरांनी दिव्याखाली धरला, बोट फिरवलं, वास घेतला. आठ जणांचे आठ जोड झाले. डॉक्टरीणबाईंचाही बघितला, उगीच पक्षपात नको म्हणून. सगळ्यांच्या टाचेत त्रिकोण होता आणि डावी कड कुणाचीच गेलेली नव्हती. टोळी निर्दोष ठरली. मास्तरांनी नाइलाजाने सगळ्यांना सोडून दिलं.

औषधवाला मात्र रेंगाळला. तो मास्तरीणबाईंना दुकानात आधी खुर्ची देतो आणि मग औषध, एवढ्यावरून मास्तरांची त्याच्यावर खास नजर होती. त्यांनी आडवळणाने त्याला विचारलं, की बाबा रे, असा असा माणूस गावात कोण? आणि त्या ठशाचं सगळं वर्णन केलं, ओढलेल्या पायापासून न थांबण्यापर्यंत. औषधवाल्याने डोकं खाजवलं.

"मास्तर," तो म्हणाला, "असा माणूस घरात असता ना, तर एखाद्या बाईनं त्याला केव्हाच बाहेर काढला असता."

मास्तर म्हणाले, तेच तर मी म्हणतो.

बुधवारी बायको खाली आली, हातात उजवा बूट. पुढून सोल उघडायला लागला होता. उद्या ताईकडे जायचंय, आज होईल का, असं तिने विचारलं. मास्तर म्हणाले, ठेव. ती वर गेली आणि ते बूट समोर घेऊन बसले.

त्यांनी जुना चिकटा खरवडून काढला, नवं सोल्यूशन लावलं, सोल दाबून वजनाखाली ठेवला. टाचेतले झिजलेले खिळे उपटून नवे पितळी खिळे ठोकले, त्रिकोण ठसठशीत उमटेल असे. आता राहिली शिवण. चवड्याभोवती आरीने भोकं पाडून दुहेरी टाके घालायचे, हे काम ते डोळे मिटूनही करत. त्यांनी आरी उचलली. आणि परत खाली ठेवली.

ही परीक्षा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नुसत्या चिकटवलेल्या सोलने फरशीवरून ताईकडे माणूस महिनाभर जाऊ शकतो. पण ओल्या गाळातून जाऊन चढाला लागलं, की तासा-दीड तासात सोल तोंड उघडणार. खऱ्या माणसाला काही होणार नाही, खोट्याची फजिती होईल. यात अन्याय कुठे आहे? त्यांनी बुटाला पॉलिश जरा जास्तच केलं. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून पहिल्यांदाच एक बूट खोटा बाहेर पडला, आणि तो घरच्याच माणसाच्या पायात जायचा होता.

गुरुवारी साडेनऊला खिडकीतून ते चकचकीत बूट गेले. डावीकडे, ताईच्या घराच्या दिशेने. मास्तरांनी मनात म्हटलं, वा, किती तयारी! पुढच्या चौकातून मागच्या गल्लीने नदीकडे वळायचं असणार. त्यांनी तासभर कसाबसा काढला, 'लगेच येतो' अशी पाटी लावली आणि निघाले. आज तो गृहस्थ समोर येणार होता. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं, पण आधी त्याच्या बुटांकडे बघायचं हे ठरलेलं होतं.

बंधाऱ्यावरचा राखणदार फळीवर बसून एका दातेरी चाकाला ग्रीस फासत होता. मास्तरांना बघून म्हणाला, आज गुरुवारी कसे? मास्तरीणबाई तर मघाशीच पुढे गेल्या.

मास्तरांनी विचारलं, "एकटी?"

"एकट्याच. दर गुरुवारी एकट्याच असतात."

मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हाही सामील. आणखी किती जण असतील देव जाणे. राखणदार बिचारा चाकाचंच रडगाणं गात राहिला. दात तुटलाय, नवा भाग येता येत नाही, दीड महिना झाला झडप उघडलेली नाही, सोमवार आले नि सोमवार गेले, पाण्याचा थेंब सोडता आलेला नाही. मास्तरांनी हूं हूं केलं आणि लव्हाळ्यात शिरले.

गाळावर तिचा ताजा ठसा होता, नव्या खिळ्यांचा. आणि त्याच्याखाली तोच. पण त्या गृहस्थाचा ताजा ठसा नव्हता. सगळ्या कडा सुकलेल्या, भेगाळलेल्या. ती आज त्या जुन्या ठशांवरच पाय ठेवत गेली होती. आणि मास्तर चालता चालता मंदावले. दीड महिना पाणी सोडलेलं नाही. म्हणजे हा काठ पुसला गेलेलाच नाही. म्हणजे हे ठसे सोमवारनंतरचे असले पाहिजेत असं काही नाही. ते रविवारचेही असू शकतात. आणि रविवारी या वाटेने कोण येतं?

डाव्या बुटात एक खडा मघापासून टोचत होता. ते दगडावर बसले, बूट काढला, खडा झटकला, आणि सवयीने बूट उलटा केला. बाहेरची कड साफ गेली होती. टाच जवळपास कोरी होती आणि चवडा पार गुळगुळीत. टाचेत त्रिकोण नव्हता, कारण साऱ्या गावाच्या बुटांना सही करणाऱ्या या माणसाने स्वतःचा बूट कधी फर्म्यावर चढवलाच नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हा. मास्तरांनी नऊ नंबरचा तो बूट हातात घेऊन दोन आठवड्यांनी त्याची ओळख करून घेतली. आठ जोड तपासले होते. टोळी नऊ जणांची होती.

आधी त्यांना हसू आलं. खरंच आलं, एवढं की डोळ्यांत पाणी आलं. मग ती हट्टी, घाईची, कुणासाठी न थांबणारी सगळी विशेषणं एकेक करून आठवली आणि हसू आपोआप ओसरलं. आणि मग त्यांना एकदम शिवण आठवली.

ती पुढे गेली होती, तासापूर्वी, टाके नसलेल्या बुटात. वर तो कातळ होता. दोन खोबणी, खाली घळ. खोबणीत चवडा घालून अंग उचलायचं आणि नेमका चवड्याशीच सोल सुटलेला.

मास्तर पळाले. साठीला टेकलेला माणूस दगडांवरून उड्या मारत नदी ओलांडून चढाला लागला, बुटाची लेससुद्धा न बांधता. काटेरी झुडपांतली वाट सुरू झाली तिथपर्यंत तिचे ठसे नीट होते. मग एका वळणावर उजव्या ठशापुढे मातीत एक रेघ ओढलेली दिसली. इथे सोलने तोंड उघडलं. चार पावलांवर दोन पाय शेजारी शेजारी. इथे ती थांबली, वाकली असणार. झुडपाला तिच्या ओढणीचा एक निळा धागा लोंबत होता. तिने चिंधी फाडून बूट बांधला. त्यानंतर ठसे खाली उतरायला हवे होते. कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. ठसे वरच गेले होते.

एवढं स्वच्छ वाचन मास्तरांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि पावलागणिक त्यांना ते वाचवेनासं होत होतं. कातळाशी पोचले तर खालच्या खोबणीखाली माती खरवडली गेली होती. घसरल्याची लांब खूण, घळीच्या बाजूने. त्यांना पुढे बघायचं धैर्य होईना. ते तिथेच उभे राहून ओरडले, "अगं!"

"वर आहे," असं उत्तर आलं.

ती कातळाच्या वर बसली होती, पाय पसरून. गुडघा खरचटलेला, त्यावर ओढणीचा उरलेला तुकडा बांधलेला. उजवा बूट काढून मांडीवर ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होती. मास्तर धापा टाकत वर चढले. ती इथे कशी, हे त्यांनी विचारलं नाही आणि ते इथे कसे, हे तिने विचारलं नाही. तिने फक्त बूट त्यांच्यापुढे धरला, सोल उघडून.

"यात आरीचं एक भोक नाही," ती म्हणाली. "टाके तुटले असते तर भोकं राहिली असती. तीस वर्षं मीही तुमचं काम बघतेय."

मास्तरांनी सोलच्या कोऱ्या कडेकडे पाहिलं.

"विसरलो म्हणा. मी ऐकून घेईन."

सोपं होतं. ती दार उघडूनच बसली होती. पण मास्तरांना या एका बाबतीत खोटं बोलता येईना.

"विसरलो नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाळू, पिवळी माती, अंघोळ, मोफत तपासणी, तो डावा पाय ओढणारा गृहस्थ. सांगताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते. एक पाय बुटात, एक मोज्यात, मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं. ती मधे एकदाही हसली नाही. हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मला वाटलं होतं, तुमच्या पावलांवर पाय ठेवत गेलं की पडायची भीती नाही," ती अखेर म्हणाली. बावीस वर्षं त्या कातळाखालचे दोन तास तिच्या मनातून गेले नव्हते. कुणी बघायला नको, कुणी हसायला नको, म्हणून ती एकटी येत होती. पहिल्या गुरुवारी नदीपर्यंत, मग पलीकडे, मग झुडपांपर्यंत. मागच्या तीन खेपा ती कातळाखालून परत फिरली होती. आज फिरायचं नाही असं घरूनच ठरवून निघाली होती. "माथ्यावर एकदा एकटीनं पोचले असते, की मग एका रविवारी तुमच्या टोळीबरोबर आले असते. काही न बोलता. तुम्ही खाली बस म्हणायच्या आत वर जाऊन बसले असते."

"मग आता जा ना," मास्तर पटकन म्हणाले. "चल, मी येतो बरोबर, पुढे होतो—"

"तुम्ही नाही. तुम्ही इथे बसायचं. येताना घेते."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मास्तरांनी मान हलवली आणि बुटासाठी हात पुढे केला. तिने तो लगेच दिला नाही. थोडा वेळ हातातच ठेवला, त्यांच्या हातांकडे बघितलं, आणि मग दिला.

मास्तरांनी खिशातून आरी काढली. फर्मा नव्हता, ऐरण नव्हती, मांडीवरच बूट धरून त्यांनी भोकं पाडली. एरवी टोळीतल्या कुणाचा बूट शिवताना त्यांचं तोंड आरीपेक्षा जोरात चालायचं. आज ते चालेना. नेहमीच्या टाक्यांच्या मधे त्यांनी आणखी एकेक टाका घातला, दोरा दातांनी ओढून गाठ मारली, वरून अंगठ्याने दाबून पाहिली. ती तोवर माथ्याकडच्या वाटेकडे बघत होती. तिथे दगडांची एक रास आहे आणि गंजलेला खांब. वीस मिनिटांची चढण, वाट सोपी, पण मास्तरांनी ते सांगितलं नाही. सांगण्याचा हक्क आज आपल्याला आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

त्यांनी बूट पुसून तिच्यापुढे ठेवला.

तीस वर्षं तिने त्यांच्या हातचे बूट घेतले होते आणि न बघता पाय घातला होता. आता तिने तो उचलला, उलटा केला आणि दोन्ही हातांनी सोल जोर लावून ओढला. टाके हलले नाहीत. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं, बूट दुसऱ्या बाजूने धरला, आणि पुन्हा ओढून बघितला.